सोयरीक पक्की होण्याआधी: ख्रिस्ती तरुणीने करावयाची आरोग्याची तयारी

लग्नाचा विचार करणाऱ्या अविवाहित ख्रिस्ती तरुणींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. लग्नाची मनाची तयारी, प्रार्थना, पाळकांशी किंवा फादरांशी बोलणे, घरच्यांचा सल्ला हे सगळे तुम्ही करतच असाल. शरीराची तयारी मात्र बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलली जाते.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत माझा दवाखाना आहे. लग्न ठरलेल्या मुली येतात तेव्हा त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. "डॉक्टर, रक्त कमी आहे, टॉनिक द्या." "चेहऱ्यावरचे डाग महिन्याभरात जातील का?" "लग्नाच्या तारखेलाच पाळी येते आहे, पुढे ढकलता येईल का?" हे प्रश्न योग्यच आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. पण आपल्या भागात सर्वांत आधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. तो म्हणजे, "माझी आणि त्याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?"

ही तपासणी कधी करायची, हेही महत्त्वाचे आहे. पत्रिका छापून झाल्यावर किंवा पहिल्या गरोदरपणात ती करण्यापेक्षा सोयरीक पक्की होण्याआधी करावी. चर्चमध्ये लग्नाची घोषणा सहसा तीन रविवारी उपासनेच्या वेळी होते. एकदा सगळ्या मंडळीसमोर नाव वाचले गेले की थांबणे, विचार करणे, प्रश्न विचारणे फार अवघड होते. म्हणून घोषणेआधीचा काळ हाच तपासणीचा खरा काळ.

आपल्या भागात सिकलसेलचा विचार का करायचा?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो आईवडिलांकडून मुलांकडे येतो. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा हवेतून पसरत नाही. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी गोल न राहता कोयत्याच्या आकाराच्या होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर आजारातील पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. त्यामुळे रक्त कमी राहते, डोळे पिवळे होतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हातपाय, पाठ, छाती यांत असह्य वेदना होतात. लहान मुलांना जंतुसंसर्ग पटकन होतो.

विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच प्रसिद्ध केली होती. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे. मात्र विदर्भात हा आजार आदिवासींपुरता नाही, इतर अनेक समाजांतही तो आहे.

यावर ख्रिस्ती कुटुंबांकडून एक वाक्य ऐकू येते, "आमच्यात हा आजार नसतो." हा गैरसमज आहे. आजी-आजोबांनी किंवा पणजोबांनी धर्म स्वीकारला तेव्हा त्यांची श्रद्धा बदलली, उपासना बदलली, नावेही बदलली असतील. रक्तातली जनुके बदलली नाहीत. तुमचे कूळ ज्या गावांतून आले, त्या गावांतल्या इतर घरांत जो आजार आहे तो तुमच्याही घरात असू शकतो. शिवाय आपल्या भागात ख्रिस्ती समाज लहान आहे. मुलगी समाजातच द्यायची असेल तर त्याच त्या काही घरांमध्ये सोयरिकी होत राहतात. नात्यात किंवा जवळच्या घरांत लग्ने झाली की दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. चुलत, मामे, आते किंवा मावस भावाशी लग्न करायला कॅथलिक चर्चची विशेष परवानगी लागते. ती मिळाली तरी वैद्यकीय जोखीम तेवढीच राहते. अशा लग्नाआधी तपासणी टाळूच नये.

वाहक म्हणजे आजारी नव्हे

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यावरून रिपोर्टमध्ये तीन शक्यता दिसतात.

- एए: दोन्ही प्रती निरोगी. सिकलसेल नाही.
- एएस: एक प्रत निरोगी, एक सिकलसेलची. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. बहुतेक वाहकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. त्यांना औषधाची गरज नसते.
- एसएस: दोन्ही प्रती सिकलसेलच्या. ही व्यक्ती आजाराची रुग्ण असते आणि तिला नियमित उपचार लागतात.

आता लग्नाचे गणित पाहू.

- एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते.
- दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते.
- एक रुग्ण आणि दुसरा वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता ५० टक्के असते.

"२५ टक्के म्हणजे चार मुलांत एक, मग पहिले आजारी झाले तर पुढची तीन चांगली होतील" असे अनेकांना वाटते. तसे नसते. प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठी नव्याने उचलली जाते. आधीच्या मुलाचा पुढच्या मुलाशी हिशेब लागत नाही.

कोणती तपासणी, कुठे?

पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. ती स्वस्त आणि झटपट होते, पण सिकलसेलचा अंश आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करावे लागते. लग्नासाठी तपासणी करत असाल तर दोघांनीही हीच दुसरी तपासणी करावी असे मी सुचवतो. याचे आणखी एक कारण आहे. थॅलेसेमियाचा वाहक सोल्युबिलिटीच्या चाचणीत सापडत नाही. एक जोडीदार सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो.

गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते आधी सांगा, कारण अशा वेळी रिपोर्ट फसवा येऊ शकतो. शाळेत किंवा गावातल्या शिबिरात पूर्वी तपासणी झाली असेल तर ते कार्ड शोधा. त्यावर फक्त "पॉझिटिव्ह" किंवा "निगेटिव्ह" लिहिले असेल तर पक्की तपासणी बाकी आहे असे समजा. तपासणीची चौकशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात करता येईल.

श्रद्धा असणाऱ्यांनी ही तपासणी आधी का करावी?

दोघे वाहक असल्याचे गरोदरपणात कळले तर गर्भाची तपासणी करता येते. साधारण १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन बाळ आजारी आहे का हे पाहतात. बाळ आजारी निघाले तर कायद्याच्या मर्यादेत गर्भपाताचा पर्याय डॉक्टर सांगतात. अनेक ख्रिस्ती स्त्रियांना हा पर्याय विवेकाला पटत नाही. कॅथलिक चर्चची भूमिका तर या बाबतीत स्पष्टच विरोधाची आहे. मग पोटात बाळ असताना, सासरचे एक सांगतात, माहेरचे दुसरे, डॉक्टर तिसरे, अशा कोंडीत ती स्त्री सापडते.

ज्या स्त्रीला गर्भपात कधीच मान्य होणार नाही, तिच्यासाठी लग्नाआधीची तपासणी म्हणूनच जास्त मोलाची आहे. त्या वेळी कोणाच्याही जिवाचा प्रश्न नसतो आणि सगळे मार्ग मोकळे असतात. "देवावर विश्वास आहे, तपासणी कशाला?" असे कोणी म्हटले तर मी एवढेच सांगतो, की रिपोर्ट माहिती देतो आणि निर्णय तुमचाच राहतो. प्रार्थनेत ठेवण्याचा प्रश्न नेमका कोणता, हेही त्यातून कळते.

दोघेही वाहक निघाले तर?

घाबरून एका दिवसात निर्णय घेऊ नका. दोघांनी मिळून डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. मार्ग साधारण असे असतात.

- सोयरीक पुढे न नेणे. यात कोणाचाही दोष नसतो. दुसऱ्या, वाहक नसलेल्या व्यक्तीशी लग्न केल्यास दोघांचीही मुले या आजारापासून सुरक्षित राहतात.
- सगळे समजून लग्न करणे आणि मूल दत्तक घेणे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार कोणत्याही धर्माच्या दांपत्याला मूल दत्तक घेता येते आणि त्या मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क मिळतात.
- लग्न करून मूल होऊ देणे आणि जन्मानंतर लगेच बाळाची तपासणी करणे. आजार लवकर कळला तर लसी, पेनिसिलिन, पुढे हायड्रॉक्सीयुरिया आणि नियमित तपासण्या यांमुळे मूल बरेच चांगले आयुष्य जगू शकते. मात्र हा उपचार वर्षानुवर्षांचा आहे. त्याला पैसा, वेळ आणि माणसे लागतात, हे आधीच बोलून घ्या.
- गर्भाची तपासणी करून पुढे ठरवणे. हा मार्ग तुम्हाला मान्य आहे का, हे लग्नाआधीच एकमेकांना स्पष्ट सांगा.

तुम्ही स्वतः रुग्ण असाल तर? सिकलसेलच्या रुग्ण मुलीही लग्न करतात आणि आई होतात. पण गरोदरपण मोठ्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. हायड्रॉक्सीयुरिया सुरू असेल तर मूल होऊ देण्याच्या काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलावे लागते. आजार लपवून लग्न करू नका. सासरी वेदनेचा झटका आला आणि घरात कोणालाच कारण माहीत नसेल तर जिवावर बेतू शकते.

त्याच्याकडे हा विषय कसा काढायचा?

मुलीच्या घरच्यांची खरी भीती इथे असते. "आपणच विचारले तर आपल्या मुलीत काही दोष आहे असे वाटेल, सोयरीक मोडेल." त्यावर साधा उपाय म्हणजे तपासणी एकट्या मुलीची न ठेवता दोघांची ठेवणे आणि आपला रिपोर्ट आधी पुढे करणे. "मी माझी तपासणी केली आहे, हा रिपोर्ट. तुम्हीही करून घ्या, मग पुढचे बोलू." एवढे वाक्य पुरते. थेट बोलणे जड जात असेल तर दोन्ही घरांचा विश्वास असलेल्या पाळकांना, फादरांना किंवा डॉक्टरांना मध्ये घ्या. लग्नाआधी समुपदेशन किंवा तयारीचे वर्ग अनेक चर्चमध्ये होतात. तिथे हा विषय काढणे सोपे जाते.

रिपोर्ट मुलीच्या हातात असावा. तो नातेवाइकांत फिरवण्याची, मंडळीत सांगण्याची गरज नाही. तुम्ही वाहक असाल तर आईवडिलांपैकी किमान एकजण वाहक किंवा रुग्ण असणारच आणि भावंडांनाही शक्यता असते. त्यांना मात्र जरूर सांगा.

बाकीच्या तपासण्या आणि लसी

*हिमोग्लोबिन.* राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून अधिक हवे. कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांनी ते वाढायला आठवडे लागतात आणि शरीरातला साठा भरायला त्यानंतरही काही महिने. म्हणून तपासणी लग्नाच्या आदल्या महिन्यात करून पुरत नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चालते. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रिपोर्ट आला नसेल तर महिनोन्महिने लोह घेत राहू नका, कारण त्या रक्तक्षयाचे कारण वेगळे असते.

*रक्तगट.* तुमचा गट निगेटिव्ह आणि त्याचा पॉझिटिव्ह असेल तर लग्नाला काहीही अडचण नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागू शकते, एवढे लक्षात ठेवा. गर्भपात झाला तरी हे इंजेक्शन विचारून घ्या.

*रुबेला.* गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला इजा होऊ शकते. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली, ती १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती. त्या वेळी तुम्ही त्याहून मोठ्या असाल तर लस घेतली आहे का हे तपासा. लस घेतल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते, म्हणून ती लग्नाआधी घेणे सोयीचे.

*एचपीव्ही लस.* गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची ही लस लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतली तर सर्वाधिक उपयोगी पडते. १५ वर्षांनंतर साधारण सहा महिन्यांत तीन डोस असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लसही आता मिळते. तुमच्या वयाला ती किती उपयोगी आहे हे डॉक्टरांना विचारा.

*हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही.* दोघांनी करावी. तुम्ही परिचारिका असाल किंवा प्रयोगशाळेत काम करत असाल तर हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पूर्ण झाले आहेत का, हेही पाहा. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व तपासणी केंद्रात मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार ही तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे.

*सुरू असलेली औषधे.* फिट्स, थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, नैराश्य यांपैकी कशाचीही गोळी सुरू असेल तर लग्नापायी ती गुपचूप बंद करू नका. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकते. ते बदलायचे असेल तर डॉक्टरांनीच, वेळ देऊन बदलावे लागते. मनाच्या त्रासासाठी बोलायचे असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

*फॉलिक ॲसिड.* लगेच मूल हवे असेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी सुरू करा. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या काही आठवड्यांतच घातला जातो. पाळी चुकल्यावर सुरू केलेली गोळी त्या कामाला उशिरा पोहोचते.

लग्नाच्या तोंडावर करू नयेत अशा गोष्टी

चेहरा उजळावा म्हणून दुकानातून आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. पहिले काही आठवडे चेहरा छान दिसतो. नंतर त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ येते, केस वाढतात. मैत्रिणीने सांगितलेले मलम लावू नका. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर त्या काळात आणि त्या थांबवल्यावर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. या गोळीने बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. लग्नाची तारीख त्वचेच्या डॉक्टरांना नक्की सांगा.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांबद्दल दोन शब्द. चर्चमध्ये लग्न लागताना पाळी असली तरी अडचण नसते. त्यामुळे गोळी घ्यायचीच असेल तर ती सोयीसाठी आहे, बंधन म्हणून नाही. घ्यायची झाल्यास पाळीच्या साधारण तीन दिवस आधी, डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल किंवा सिकलसेलचा आजार असेल तर दुकानातून परस्पर घेऊ नका.

लग्नाच्या तारखेचाही आरोग्याशी संबंध आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चर्चमध्ये सहसा लग्ने होत नाहीत, म्हणून अनेक लग्ने ईस्टरनंतर, म्हणजे ऐन एप्रिल-मे महिन्यांत येतात. वर्ध्याचा मे तुम्हाला सांगायला नको. जाड गाऊन, सकाळपासून पोटात काही नाही, लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळलेले, अशा अवस्थेत नवरी चक्कर येऊन पडते. सिकलसेलच्या रुग्णाला तर पाणी कमी पडणे हेच वेदनेच्या झटक्याचे कारण ठरते. शक्य असेल तर विधी सकाळी लवकर ठेवा, पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत प्यायला द्या. वजन कमी करण्यासाठी शेवटच्या महिन्यात उपाशी राहू नका.

मूल कधी, हे आधी बोला

कॅथलिक चर्च गर्भनिरोधकांना मान्यता देत नाही, पाळीचे दिवस पाहून संयम ठेवण्याची पद्धत मान्य करते. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या हा निर्णय पतिपत्नींच्या विवेकावर सोडतात. डॉक्टर म्हणून माझे काम दोन्हींची खरी माहिती देणे.

नैसर्गिक पद्धतीत, स्त्रीबीज बाहेर पडण्याआधीचे सुमारे पाच दिवस आणि तो दिवस हे गर्भ राहण्याचे दिवस असतात. पाळी नेहमी २६ ते ३२ दिवसांनी येत असेल तर आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळण्याची सोपी पद्धत आहे. ती अगदी काटेकोर पाळली तर वर्षभरात १०० पैकी सुमारे ५ स्त्रियांना गर्भ राहतो, प्रत्यक्षात जशी पाळली जाते तशी सुमारे १२ जणींना. पाळी अनियमित असेल तर ही पद्धत भरवशाची नाही. लग्नाआधीच चार-सहा महिने पाळीच्या तारखा लिहून ठेवल्या तर ही पद्धत आपल्याला जमेल का हे कळते. आणि ती नवऱ्याच्या साथीशिवाय चालत नाही, म्हणून त्याच्याशी आधी बोलावे लागते.

इतर साधनांपैकी निरोध, माला-एन, आठवड्याच्या हिशेबाने घ्यायची छाया गोळी आणि तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. कोणते तुम्हाला योग्य, हे तपासूनच ठरवावे.

पहिल्या रात्रीची भीती

अविवाहित मुलींना हा प्रश्न विचारायला जागाच नसते, म्हणून स्पष्ट लिहितो. पहिल्या संबंधात रक्त आलेच पाहिजे असे नाही. योनीपटल प्रत्येकीचे वेगळे असते, काहींचे इतके लवचीक असते की कधीच रक्तस्राव होत नाही. ते पाहून कोणताही डॉक्टर कौमार्य सांगू शकत नाही. तथाकथित कौमार्य चाचणीला वैज्ञानिक आधार नाही, हे मांडण्यासाठी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी पाठपुरावा केला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून वगळला. चादरीवरच्या डागावरून तुमची परीक्षा घेण्याचा हक्क कोणालाही नाही.

थोडे दुखणे, घाबरणे, पहिले काही दिवस संबंध न जमणे हे नेहमीचे आहे. घाई नको. संमती लग्नानंतरही लागते, "आज नको" म्हणता येते. योनीचे स्नायू घट्ट आवळले जाऊन संबंध अशक्य होत असेल तर तोही आजार आहे आणि उपचारांनी बरा होतो. संबंधानंतर लघवी करून घ्या, पाणी भरपूर प्या. लघवीला जळजळ, ताप किंवा पाठीत दुखणे झाले तर लाजून घरात बसू नका.

तिशी उलटली असेल तर

शिक्षण, नोकरी, घरची जबाबदारी किंवा मनासारखे स्थळ न मिळणे, कारण काहीही असो, तिशीत लग्न करणाऱ्या अनेक मुली माझ्याकडे येतात. त्यांना घाबरवणारे खूप भेटलेले असतात. खरी गोष्ट अशी की गर्भधारणेची क्षमता हळूहळू कमी होते आणि पस्तिशीनंतर हा वेग वाढतो. पण त्या वयातही अनेकींना नैसर्गिकपणे मूल होते. पस्तिशीनंतर लग्न केले असेल आणि सहा महिने प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर तपासणी करा. त्याआधी एक वर्ष थांबायला हरकत नाही. "वय निघून चालले" या भीतीने, विनातपासणी, मिळेल ती सोयरीक मात्र पत्करू नका.

थोडक्यात वेळापत्रक

- सोयरीक पक्की होण्याआधी: दोघांची सिकलसेल-थॅलेसेमियाची एचपीएलसी तपासणी. जुने आजार आणि औषधे एकमेकांना सांगणे.
- सहा महिने आधी: हिमोग्लोबिन, रक्तगट, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही. लसी सुरू करणे. पाळीच्या तारखा लिहायला लागणे.
- तीन महिने आधी: रक्तक्षयाचे उपचार सुरू असतील तर पुन्हा तपासणी. मूल कधी हवे यावर बोलणे, गरज असल्यास फॉलिक ॲसिड.
- शेवटचा महिना: नवे मलम नाही, उपवास नाही. झोप, पाणी आणि वेळेवर जेवण.

लग्नाच्या वेळी तुम्ही एकमेकांना सुखात आणि दुखण्यात साथ देण्याचे वचन देता. कोणते दुखणे टाळता येण्यासारखे आहे, हे वचन देण्याआधी जाणून घ्या. दवाखान्यात एकटीने यायला संकोच वाटत असेल तर आईला, बहिणीला किंवा मैत्रिणीला सोबत आणा. नाही आणले तरी चालेल. अठरा वर्षांवरील स्त्रीला स्वतःच्या तपासणीसाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसते.